चुलीसाठी धुतलेली माती

माझ्या दाजींनी मला धुतलेली माती दाखवून न धुतलेलं टेकाड गळ्यात मारलं. लोकांना मी एवढंच सांगतो. फसलो कसा, ते सांगायची लाज वाटते.

ओतकामाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटा मी बनवतो. त्यांची माती कितीही तापली तरी वितळता कामा नये. तशी माती कोळवणला ताईच्या सासरच्या टेकाडावर आहे, असं दाजी म्हणाले. खरं तर टेकाडावर जागोजागी खड्डे घेऊन प्रत्येक थर तपासायचा असतो. पण खड्डे दिसले की गावभर बोभाटा होतो, भाव चढतो. म्हणून मीच कुदळ लावू दिली नाही. चूल सारवायला ताईनं करून ठेवलेला मातीचा गोळा कोनाड्यातून उचलला.

"टेकाडावरचीच ना?"

"व्हय पावणं, तितलीच. दुसरी कुटनं आणायची?" दाजी म्हणाले.

त्या मातीचा सुळका करून भट्टीत ठेवला. टोक वाकलं नाही, रंगही पांढरा राहिला. मग भाडेपट्ट्याचं बोलायला बसलो. ओरडलो, उठून जीपपर्यंत गेलो, दाजींना भावात खाली आणलं. "तुमच्यापुढं आमचं काय चालतंय?" ते पडेल चेहऱ्यानं म्हणाले. घरी येऊन मी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली.

टेकाडावरच्या मातीच्या पहिल्या विटा बघायला मी गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलावलं. भट्टी उघडली, तर विटा काळ्या पडून, फुगून एकमेकींना चिकटलेल्या.

"शेठ, भजी तळलीत काय?" गिऱ्हाईक म्हणालं. कामगार हसले. मला मान वर करवेना.

तसाच कोळवणला गेलो, अंगणातच तोंड सोडलं. दाजी सुपारी कातरत म्हणाले, "गोळा तुमी उचलला. आमी न्हाई दिला."

ताई दारात आली. "माती पान्यात कालवायची, लाल खडं खाली बसलं की वरचं गाळून गोळं करायचं. हितं समद्याच बाया तसं करत्यात. तुला ठावं न्हाई व्हय रं?"

ठाऊक होतं. आईच्या चुलीपुढेच वाढलोय मी. ते खडे लोखंडाचे, त्यांनीच माती वितळते, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

टेकाड पडून आहे. एवढी माती धुवायला पाणी कुठलं? दाजींशी मी भांडून घेईन. पण ताई, गोळा मी तुझ्यादेखत नेला. तू गप्प का बसलीस? नवऱ्याच्या धाकानं, की मी तुझ्याच घराचा भाव पाडत होतो म्हणून? उत्तर तू दे.