चौकात माणसंच नाहीत

"शिंदे मॅडम, तुमच्या चौकात माणसंच नाहीत," असं म्हणून बोरकर साहेबांनी फाईल माझ्याकडे परत सरकवली.

मी उभीच होते. राग आला की माझा आवाज आधी चढतो आणि डोकं मागून कामाला लागतं. "साहेब, भोसरीत माणसं नाहीत?"

"मी नाही म्हणत. सर्व्हे म्हणतो."

मी वाहतूक विभागात इंजिनिअर आहे. पूल, उड्डाणपूल वगैरे रुबाबाची कामं दुसऱ्यांकडे. आमच्याकडे सिग्नल, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आणि बोर्ड. पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल हवा असेल तर नुसतं मागून मिळत नाही. आधी चौकात पोरं बसवायची आणि किती माणसं रस्ता ओलांडतात, किती गाड्या जातात, ते मोजायचं. याला म्हणतात पेडेस्ट्रियन काउंट. गर्दी पुरेशी दिसली तरच प्रस्ताव वर जातो. आमचा प्रस्ताव आधीच रडतखडत इथवर आलेला. पहिल्यांदा केबलसाठी रस्ता खोदला म्हणून थांबला. मग खड्ड्यावर डांबर पडेपर्यंत थांबला. मग पावसात पट्टे धरत नाहीत म्हणून थांबला. आता सगळं जागेवर आलं तर म्हणे माणसंच नाहीत.

चौक एमआयडीसीच्या तोंडावरचा. अलीकडे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, पलीकडे वर्कशॉप आणि कंपन्या, मधून चाकणकडे जाणारे कंटेनर. शिफ्टच्या वेळी रस्ता ओलांडायचा म्हणजे पदर खोचून पळायचं. दुसरा उपाय नाही.

आणि कमलताईंना पळता येत नव्हतं. प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत त्या इन्स्पेक्शनला होत्या. परभणीकडच्या. सिग्नलसाठी बायकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन त्या ऑफिसला आल्या होत्या, तेव्हा खुर्चीत बसायलाच त्यांना बराच वेळ लागला.

"मॅडम, गुडघा गेलाय माझा. डॉक्टर म्हनतात पळायचं न्हाई, आन् तुमचा रस्ता म्हनतो पळल्याशिवाय जायचं न्हाई. लांबच्या सिग्नलवरनं जाते तर गेट बंद व्हतंय. सुपरवायझर म्हनला, ताई, आता बदली बाई बघावी लागंल."

"मग काय ठरवलंय?"

"दिवाळीपस्तोर बघते. न्हाई जमलं तर सोडते." मग जरा ताठ बसून म्हणाल्या, "माझ्या हातनं एक खराब पीस पुढं जात न्हाई, मॅडम. काम येतंय मला. रस्ताच तेवढा येईना."

हे ऐकल्यापासून तो अर्ज माझ्या टेबलावरून हलला नव्हता. त्यामुळे साहेबांनी फाईल सरकवली तेव्हा मी ती उचललीच नाही.

"साहेब, मी त्या भागातच वाढलेय. माझे वडील तिथल्या कंपनीत टर्नर होते."

"मॅडम, ते वर लिहून पाठवता येत नाही ना." बोरकर साहेब अमरावतीकडून नुकतेच बदलून आलेले. माणूस सज्जन, पण कागदावर नसलेलं काही त्यांना दिसायचं नाही. "हे पाहा, तुमचं एवढं म्हणणं असेल तर आत्ता जाऊ. मी आज मोकळाच आहे. डोळ्यांनी पाहू."

मला तेच हवं होतं. जीप काढली. रस्ताभर मी गर्दीचं वर्णन करत होते. साहेब मान हलवत होते. जीप कुठेही अडकली नाही, याचं तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं.

चौकात उतरलो. रस्ता मोकळा. दुभाजकाच्या सावलीत कुत्रं झोपलेलं. एक आजोबा दुधाची पिशवी हलवत, मोबाईलवर बोलत, मधोमध रेंगाळून आरामात पलीकडे गेले.

"हं," साहेब म्हणाले. एवढंच.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. कुठे गेली सगळी? इकडेतिकडे बघितलं तर सलूनच्या बाहेर ही रांग. मटणाच्या दुकानापुढे तशीच. खोल्यांच्या गॅलरीत पोरं बनियनवर उभी, दोऱ्यांवर कंपन्यांचे युनिफॉर्म वाळत घातलेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"साहेब, आज गुरुवार."

"मग?"

"इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. लाईटही याच दिवशी जाते, मेंटेनन्सला. लहानपणी आमचे पप्पा गुरुवारी घरी आणि आम्ही शाळेत. रविवारी आम्ही घरी आणि पप्पा ड्युटीवर. माझी नोकरी सरकारी झाली आणि मीच विसरले बघा."

साहेबांनी स्वतःच सर्व्हे कंपनीच्या मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी विचारलं, "काउंट कोणत्या वारी घेतला होता?"

"गुरुवारी, मॅडम." मुलगा मोठ्या उत्साहात. "शनिवार-रविवार टाळायचा असतो, सोमवारी गर्दी जास्त असते. म्हणून आठवड्याच्या मधला, नॉर्मल दिवस घेतला. अगदी पुस्तकाप्रमाणे."

चूक कुणाची म्हणायची? पुस्तक बरोबर, मुलगा बरोबर. फक्त भोसरीने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

"उद्या सकाळी येतो," साहेब म्हणाले. "शिफ्टच्या वेळेला."

शुक्रवारी जीप चौकापर्यंत पोचलीच नाही. लांबच उतरून चालत आलो. शेअर रिक्षा, टू-व्हीलर, कंपन्यांच्या बस, कंटेनर, आणि फटीफटीतून पळणारी माणसं. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "मी पलीकडे जाऊन पाहतो." मी नको म्हणेपर्यंत गेलेसुद्धा. अर्ध्यात पोचले आणि दुभाजकावर अडकले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. फाईल छातीशी धरून उभे. शेजारी कमलताई, त्याही तशाच अडकलेल्या. साहेबांनी एकदा पाय पुढे टाकला तसं कमलताईंनी त्यांचं मनगट पकडून मागे ओढलं.

"थांबा दादा, नवीन हाव का? टेम्पो थांबत नसतोय. रोज असंच हाय हितं."

दोघं बराच वेळ तसे उभे होते. कमलताईंनी त्यांचं गाव विचारलं, लेकरं किती ते विचारलं. हे साहेब आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. अखेर वाहतूक हवालदाराने शिट्टी मारत जाऊन दोघांना अलीकडे आणलं. साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडम, फेरसर्व्हे. आजच."

त्यानंतर फाईल पळाली म्हटलं तरी चालेल. खांब उभे राहिले, दिवे बसले. राहिले पट्टे. ते साध्या रंगाचे नसतात. पावडर भट्टीत वितळवून, उकळती रस्त्यावर ओततात. त्याला थर्मोप्लास्टिक म्हणतात. ते थंड होईपर्यंत गाडी जाऊन चालत नाही. ठेकेदार दुसऱ्या शहरातला. तो भट्टी घेऊन आला रविवारी, सुट्टीचा दिवस बघून, आणि हवालदाराने त्याला चौकातूनच परत पाठवला. "रविवारी कुटं रस्ता बंद करताय राव, फुल ड्युटी हाय आज." मग मी त्याला फोन करून गुरुवारचं शास्त्र समजावलं. गुरुवारी पट्टे पडले, अगदी निवांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नल सुरू करायचा होता. मी आणि साहेब, दोघंही हजर. गाड्यांना लाल लागला. हवालदार मधे उभा, त्यामुळे गाड्या चक्क पट्ट्यांच्या अलीकडे थांबल्या. पायी माणसांचा हिरवा लागला.

आणि कुणीच हलेना.

एवढा मोठा घोळका, डबे हातात, फुटपाथच्या कडेला उभा. सगळे मान वाकडी करून चाकणच्या दिशेने बघतायत. मला कळेना काय झालं. पुढे कमलताई होत्या. मी विचारलं, "ताई, जा ना. थांबलात का?"

"कोन मंत्री येनार हाय का, मॅडम? रस्ता अडवलाय न्हवं?"

"कुणी नाही येणार. तुमच्यासाठीच थांबल्यात गाड्या."

"आमच्यासाठी?" त्यांनी मागे वळून बायकांना सांगितलं, "अगं, आपल्यासाठीच थांबल्यात म्हनं."

बायका हसल्या आणि सवयीने पळतच सुटल्या. कमलताई मात्र चालत निघाल्या. एकेका पट्ट्यावर पाय ठेवत, डबा सांभाळत. दुभाजकाच्या थोड्या पुढे गेल्या असतील आणि हिरवा लुकलुकायला लागला. बसवाल्याने हॉर्न दिला. कमलताईंनी साडी उचलली, पळायच्या बेतात. मी इकडून ओरडले, "ताई, पळायचं नाही." हवालदाराने हात आडवा केला, गाड्या धरून ठेवल्या. कमलताई पलीकडे पोचल्या, वळल्या आणि तिथून मोठ्याने म्हणाल्या, "लई झाक झालंय, मॅडम. पन तुमचा हिरवा मानूस घाईचा हाय."

खरं होतं. हिरवा किती वेळ ठेवायचा ते माणसाच्या चालण्याच्या वेगावरून काढतात, आणि पुस्तकातल्या माणसाचा गुडघा शाबूत असतो. त्याच दुपारी मी सेकंद वाढवण्याचा कागद केला. साहेबांनी विचारलं, "वेग कुणाचा धरला?"

"कमलताईंचा."

त्यांनी मनगट चोळलं आणि सही केली.

वाहनवाले महिनाभर कुरकुरले, मग विसरले. दिवाळीनंतर कमलताई पेढे द्यायला ऑफिसला आल्या. कंपनीने त्यांच्या हाताखाली शिकायला दोन नवीन मुली दिल्या होत्या. बदली बाईचा विषय मग कुणी काढला नाही.

आता नवा इंजिनिअर आला की मी त्याला एवढंच सांगते: हिरव्याची सेकंदं ठरवताना पळणाऱ्यांकडे बघू नकोस. ते काय, तुझ्या सिग्नलच्या आधीही पलीकडे पोचतच होते.