पलंगाच्या कडेवर

सकाळी सासूबाई पलंगाच्या कडेवर पाय सोडून जरा वेळ नुसत्या बसतात. त्यांची नागीण बरी झाली, पण पाठीची आग राहिली. डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली, तेव्हा त्या रुसल्या. "मी उदास नाही, मला दुखतंय!" हीच गोळी नसांचं दुखणंही शमवते, हे त्यांना उशिरा पटलं. मग त्या गोळीने छाती धडधडू लागली. ईसीजी पाहून डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली आणि या गोळीने एकदम उठलं की चक्कर येऊ शकते, उठताना घाई करू नका म्हणून बजावलं.

मला सगळं पटापट उरकायची सवय. आता मीही त्यांच्याशेजारी टेकते. शरीराला सावरायला थोडी उसंत दिली, की ते सावरतंही.

"आज आग कशी आहे?" मी विचारलं.

"आहे थोडी. पण मेथी मीच निवडते. तू देठं फार ठेवतेस."