पाण्यात बुडवलेला कान

आमच्या रामाकोना गावात, कन्हान नदीच्या घाटावर, नौदलातून परतलेला माझा शेजारी आंघोळीआधी एक कान पाण्यात बुडवून बसायचा. दुसऱ्या महायुद्धात, कलकत्त्यापुढं नदी समुद्राला मिळते तिथं, पाण्याखालचे आवाज ऐकायची त्याची नोकरी होती.

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली आणि आमचा मराठी तालुका मध्य प्रदेशातच राहिला. मी चिडून म्हणालो, "एवढं ओरडलो, वर ऐकू कसं गेलं नाही?"

कान झटकत तो म्हणाला, "गुरुजी, खुल्या समुद्रात आवाज लय दूर जाते. खाडीत गाळ आन् बोटींचा कल्ला. जवळचाही आवाज मरून जाते. आपल्या गावातून किती जण बोलून राहिले होते?"

गावातून तीन अर्ज गेले होते: वेगळ्या विदर्भात घाला, संयुक्त महाराष्ट्रात घाला, आहे तिथंच ठेवा. तिन्ही मीच लिहिले होते. गावात अक्षर माझंच चांगलं होतं.