नवव्या चित्रातली निळी शेळी

माझं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत नाही. सगळे मला खोडरबर म्हणतात. जुन्या हस्तलिखितांवरचे डाग, शाईचे ओघळ, वाळवीची माती काढणं हे माझं काम, आणि तीस वर्षांत माझ्या हातून एकही पान फाटलेलं नाही. आपलं कौतुक आपणच करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करतच नसेल तर माणसाने करावं काय? घरी मी एकटा, कामाच्या खोलीतही एकटाच. त्यामुळे मंगळवारच्या मावशींची मला सवय कधी लागली ते कळलं नाही.

मावशींनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली होती. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला त्या आमच्या ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर यायच्या, फारसी कवितांच्या सोनेरी पुस्तकाच्या काचपेटीत डोकवायच्या, पहारेकऱ्याला विचारायच्या, "उलटलं का हो पान?" आणि समोरच्या बाकावर बसून राहायच्या.

ते पुस्तक मावशींच्याच घरून आलं होतं. त्याआधी ते कुठे कुठे फिरलं, ते पहिल्या पानावरच्या शिक्क्यांच्या खुणांवरून कळतं. एका सरदाराने ते लिहवून घेतलं, चित्रं काढवून घेतली. त्याच्या जावयाने ते लांबवलं. मग एक व्यापारी, मग एक लष्करी अधिकारी. प्रत्येकाने आधीच्याचा शिक्का खरवडून त्यावर आपला मारलेला. जणू पुस्तक त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं! शेवटी त्या अधिकाऱ्याच्या पणतूने ते आपल्या फारसीच्या मास्तरांना दिलं. मास्तरांनी शिक्का मारला नाही. ते गेले तसं पुस्तक वाचणारं घरात कुणी उरलं नाही, आणि उशीच्या अभ्र्यात शिरून ते कपाटावर जाऊन बसलं. मावशी म्हणजे मास्तरांची सून. नवरा गेला, पुस्तकाला कसर लागली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते आम्हाला देऊन टाकलं. "नीट सांभाळू," असा शब्द आमच्या साहेबांनी त्यांना दिला होता. मालकीच्या यादीत आमची शेवटची ओळ आहे: 'मास्तरांच्या सुनेकडून भेट.'

उजेडाने रंग उडतात, म्हणून एक चित्र तीनच महिने उघडं ठेवायचं, असा नियम आहे. पुस्तकात चित्रं अकरा. मावशी पहिल्या चित्रापासून येत होत्या. मला वाटलं, बाईंना कलेची जाण दिसते. कसली जाण! दोन मिनिटं बघायच्या आणि बाकावर चक्क डुलक्या काढायच्या. मी डबा घेऊन शेजारी बसू लागलो. गुडघे, गळका नळ, शेजाऱ्याचा रेडिओ, असलंच काहीतरी आम्ही बोलायचो. आठवड्यातून कामाशिवाय माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि बहुतेक त्यांचंही तसंच असावं.

एकदा मी म्हटलं, "मावशी, पुस्तक तुमचंच. वर खोलीत या, सगळी पानं दाखवतो."

"नको, नको," त्या दचकून म्हणाल्या. "पाळीने येईल तेव्हा येईल."

आठवं चित्र बदलायच्या आदल्या मंगळवारी त्यांनी माझी बाही धरली.

"पुढच्या मंगळवारी नववं ना?"

"हो. हरणांचं."

"डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. काचेतून मला दिसायचं नाही. तुम्ही तेवढं बघून सांगाल? खाली डावीकडे, सोनेरी वेलीच्या बाहेर. पण आधी शपथ घ्या, कुणाला बोलणार नाही म्हणून."

मी शपथ घेतली.

"माझ्या मुलीने तिथे शेळी काढलीय. निळ्या पेन्सिलीने. पाच पाय काढलेत वेडीने. चार वर्षांची होती. सासऱ्यांनी तिला चापट मारली आणि मग स्वतःच रडत बसले. सातव्या वर्षी ताप आला आणि चार दिवसांत गेली. घर बदललं तेव्हा तिच्या वह्या रद्दीत गेल्या. तिच्या हातचं आता तेवढंच आहे."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही पुसलं असतंत. तुमचं काम काय ते मला ठाऊक नाही का? म्हटलं, एवढीशी तर आहे, गप्प राहिलं तर कुणाच्या लक्षात यायची नाही."

ती शेळी मी पहिल्याच वर्षी पुसली होती. सोन्याला धक्का न लावता, रबराचा चुरा आणि ओलसर कापूस घेऊन, सलग तीन दुपारी. नोंदवहीत लिहिलं होतं: 'पान एकाहत्तर, समासात पोराटोरांची निळी रेघोटी. पूर्ण काढली.' साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो होतो.

"बघून सांगतो," एवढंच म्हणून मी सटकलो.

साफ करण्याआधीचा पानाचा फोटो माझ्याकडे होता. निळी पेन्सिल होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाच काय, चांगल्या डोळ्यांनाही कळलं नसतं अशी हुबेहूब शेळी मला काढता आली असती. बुधवारी मी पेन्सिल तासलीसुद्धा. गुरुवारी पुस्तक पेटीतून वर आणून ते पान समोर घेतलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. खरी शेळी घालवली ती घालवली, आता खोटी त्यांच्या गळ्यात कशी बांधू? मी दिवा बाजूला सारला. तो पानाच्या कडेला आडवा आला, आणि मी तसाच वाकून बघत राहिलो.

मंगळवारी मावशींना खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि आधी सांगून टाकलं.

"मावशी, शेळी मी पुसली."



"पुसलीत ना शेवटी," त्या म्हणाल्या. "आणि दोन वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खात होतात."

मला ठाऊक नव्हतं हो, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. खोलीतला मोठा दिवा मालवला आणि टेबलावरचा दिवा पानाच्या कडेला आडवा ठेवला. सोन्याचं काम असलेलं पान आम्ही सपाट करायला दाबाखाली घालत नाही, त्यामुळे पेन्सिलीच्या खाचा कागदात तशाच राहिल्या होत्या. रंग गेला होता, पण सावलीत शेळी उभी होती.

मावशींनी नाक पानाला टेकेल इतकं वाकून पाहिलं. "कुठेय? मला काहीच दिसत नाही."

आणि त्यांनी बोट पुढे केलं. 'हात लावू नका' हे वाक्य मी तीस वर्षं लोकांच्या अंगावर टाकत आलोय. मी त्यांचं बोट धरलं आणि शेळीच्या पाठीवर ठेवलं.

बोट सावकाश पोटाकडे गेलं, खाली उतरलं, वर आलं, पुन्हा उतरलं. मावशी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. पाचपर्यंत मोजून थांबल्या.

"फार दाबून काढायची," त्या म्हणाल्या. "रोज पेन्सिलीचं टोक मोडायची. किती ओरडायचे मी तिला त्यावरून."