देवीच्या केसांतला आकडा

नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले. त्यांतले बरेचसे आता कागद समोर ठेवल्याशिवाय नीट आठवत नाहीत. चांदीच्या एका आकड्याची चोरी मात्र कागदाशिवाय आठवते. वस्तू बोटाएवढी होती आणि बाजारात तिला चांदीचं वजन सोडून काही किंमत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मालवण किनाऱ्याजवळच्या एका ठाण्यात फौजदार म्हणून नवीन होते. बाई फौजदार म्हणून सुरुवातीला लोक काम नसतानाही ठाण्यात डोकावून जात. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे पंचनाम्याची मराठी मी हवालदारांकडून शिकले. बोलणं मुळातच कमी. ठाण्यात त्याचा अर्थ 'बाई घाबरतात' असा लावला जाई आणि गावात 'बाई गर्विष्ठ आसत' असा. मी दोन्ही समज खोडून काढले नाहीत. पोलिसाबद्दल लोकांना नक्की काही माहीत नसणं सोयीचं असतं.

एका सकाळी हजेरी आटोपल्यावर जवळच्या गावचा गुरव आला. पन्नाशीचा, सडपातळ, धोतर स्वच्छ. ठाणे अंमलदाराने कारण विचारलं तर म्हणाला, "बाईंकाच सांगतंय." मी त्याला आत बोलावलं.

"बाईनू, देवीचो आकडो बदललेलो आसा."

"चोरीला गेला?"

"पेटयेत आकडो आसा. पण तो देवीचो न्हय."

गावच्या देवीची वर्षातून एकदा जत्रा भरते. तेव्हा मुखवट्यामागे केसांचा अंबाडा बांधतात आणि त्यात चांदीचा एक आकडा खोचतात. हा आकडा देवीचा स्वतःचा, ती गावात आली तेव्हा तिच्या केसांत होता, अशी समजूत. जत्रा आठ दिवसांवर आली होती. रिवाजाप्रमाणे गुरवाने पेटी उघडून सगळं लावून पाहिलं होतं.

"बदलला हे कशावरून?" मी विचारलं.

"तिच्या केसांत रवणा नाय. घातलो की सुटता. वीस वर्सा मी तो आकडो घालतंय, माका कळाचा नाय?"

मी फिर्याद नोंदवली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन पंच घेऊन देवळात गेले. पेटीचं कुलूप शाबूत, बिजागऱ्या शाबूत. चावी गुरवाच्या कमरेला. पेटीत मधोमध दुमडलेली चांदीची एक तार होती. दोन्ही पायांवर काही रेघोट्या. मी ती ताब्यात घेतली.

देवळासमोर गावचे मानकरी जमले होते. त्यांच्यातले थोरले म्हणाले, "कुलूप मोडूक नाय, चावी ह्येच्याकडे. मगे आमका कित्याक विचारतास?"

दुसरा म्हणाला, "ह्येणाच इकलो आसतलो नि आता जत्रा इली तशी बोंब मारता."

गुरव खांबाजवळ उभा होता. थोरल्यांनी मग मला ऐकू जाईल असं सांगितलं, की जत्रेपर्यंत आकडा मिळाला नाही तर देवीची पूजा भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जाईल. गुरवाच्या घरात ती किती पिढ्या होती हे तिथे कोणालाच सांगता आलं नसतं. त्याच्या दोन्ही मुलांनी मुंबईची वाट न धरता गावात राहायचं ठरवलं होतं ते त्या पूजेच्या भरवशावर.

पुढे मी जे केलं ते नियमाला धरून होतं. गुरवाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. दोन दिवस, सकाळी येऊन दिवे लागायच्या आत परत. बाहेरच्या बाकावर तो बसलेला असे आणि बाजाराला जाणारं अर्धं गाव त्याला बघून जाई. आमच्या जुन्या हवालदारांचं मत होतं, "दोन कानाखाली दिल्यात काय आकडो आपोआप येतलो." मी नको म्हटलं. हात लावला नाही याचं त्या वेळी मला समाधान होतं. बाकावर बसवण्यानेच त्याचं काय होत होतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

माझे प्रश्न असे होते: पेटी कोण उघडतं? मीच. चावी दुसऱ्या कोणाकडे असते? नाय. मागच्या जत्रेनंतर पेटी कुठे होती? गाभाऱ्यात, कुलपात. प्रत्येक उत्तर त्याच्याच गळ्याशी येत होतं आणि तो प्रत्येक उत्तर सरळ देत होता. अपराधी माणूस साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करतो. याने ते केलं नाही. मला हे खटकलं, पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

तिसऱ्या दिवशी मी वेगळा विचार केला. पेटीतली वस्तू नवी आहे की जुनी, एवढं तरी कळायला हवं होतं. ती जुनी निघाली असती तर गुरव खोटा ठरला असता. सराफाला दाखवायची नाही असं ठरवलं, कारण गोष्ट बाजारात फुटली असती. हवालदारांना विचारलं.

"बाजाराच्या मागे एक म्हातारो आसा, कस्टमातून रिटायर झालेलो. जुनी नाणी जमवता. चांदयेतला तेका कळता." जरा थांबून ते म्हणाले, "तो नाण्यांशी बोलता, माणसांशी बोलणा नाय. तुमचा नि तेचा बरा जमतला."

मी दुपारी एकटी गेले. ते गृहस्थ सत्तरीचे, विधुर. खोलीत लाकडी कपाट, भिंग, आणि टेबलावर नाण्यांच्या लिलावाची इंग्रजी यादी. यादीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. वस्तू दाखवण्याआधी मी यादी चाळली. प्रत्येक नाण्याखाली ते आधी कोणाकडे होतं याची एक ओळ होती. एका पानावर दुमडलेल्या तारेचं चित्र होतं. मी तिथे थांबले.

"ती लारी," ते म्हणाले. "आदिलशाही काळातलं नाणं. या किनाऱ्यावर व्यापारात चालायचं. तार दुमडून तिच्यावर ठसा मारायचे. वर्ष नीट वाचता येईल अशी मी तीस वर्षं शोधत होतो."

"मग लिलावात मिळाली?"

"नाही. दोनदा मुंबईला लिलावाला गेलो. शेवटच्या रांगेत बसलो. एकदा हात वर करायला उशीर झाला, एकदा केला तर पुढचा माणूस वाढवतच गेला. लिलावात शंभर डोळे असतात. वस्तू कोणाची, कुठून आली, घेणारा कोण, सगळं चारचौघांत." एवढं बोलून ते थोडे सैलावले. "शेवटी कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडे मिळाली. चहा घेतला, तासभर हातात धरून बघितली. घेऊन आलो."

मी रुमालातली वस्तू टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही जुनी आहे का, एवढंच सांगा."

त्यांनी भिंग घेतलं. एका मिनिटाच्या आत म्हणाले, "नवी. तार आजची. ही अक्षरं नाहीत, अक्षरं न येणाऱ्या माणसाने बघून काढलेल्या रेघा आहेत." मग विचारलं, "कुठली ही?"

मी देवळाचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं. गुरव दोन दिवस ठाण्यात येऊन बसतो आणि जत्रेनंतर त्याची पूजा जाणार, तेही सांगितलं. एरवी मी इतकं कोणाला सांगत नाही.

ते उठले. कपाट उघडलं, कापसात ठेवलेली लारी आणली आणि त्या नव्या तारेशेजारी ठेवली. दुमड तीच, लांबी तीच. खोट्या तारेवर ज्या जागी रेघोट्या होत्या, त्याच जागी खऱ्या तारेवर अक्षरं होती. दुमडीच्या आतल्या बाजूला लाल काहीतरी अजून धरून होतं. मी भिंगातून पाहिलं. कुंकू होतं.

"मी हे पाहिलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. गंज समजायचं ठरवलं."

मी भिंग खाली ठेवलं.

"लिलावात हात वर करावा लागतो, बाई. दुकानात नुसतं गप्प बसलं तरी चालतं. मी त्याला विचारलंच नाही."

त्यांनी कपाट उघडलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं. झडतीचं कारण माझ्याकडे नव्हतं. मी त्यांचा जबाब तिथेच लिहून घेतला. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला असेल तर तोही गुन्हा होतो, म्हणून सवयीने मी लिहिलं, 'सदर वस्तू जुन्या घराण्यातील असल्याचा माझा समज झाला.' त्यांनी ती ओळ खोडायला लावली आणि 'मी चौकशी केली नाही' असं घालायला लावलं. मग सही केली. दुकानातून वस्तू आणली तो महिना त्यांनी न अडखळता सांगितला. मागच्या जत्रेनंतरचा महिना.

त्या एका गोष्टीने तपास सुटला. मी सरळ गुरवाच्या घरी गेले. तो मागच्या अंगणात नारळ सोलत होता.

"मागच्या जत्रेनंतर महिन्याभरात पेटी देवळाबाहेर गेली होती का?"

"गेल्ली. उजाळो देवक. थोरल्या मानकऱ्यांनी सोनाराकडे नेल्यान नि चार दिवसांनी परत हाडल्यान. मगे मी कुलूप लावलंय ता आताच काढलंय."

"हे मला दोन दिवसांत का नाही सांगितलंस?"

त्याने कोयता खाली ठेवला. "बाहेर गेल्ली काय, असा तुम्ही विचारलातच नाय. कोण उघडता, खंय होती, ता इचारलात. आणि सोनार तो घरचो माणूस. माझ्या आज्यापासून देवीची चांदी तेंच्याकडेच जाता. ता बाहेर गेला असा आम्ही धरणाव नाय."

मानकऱ्यांनीही ते धरलं नव्हतं, म्हणून त्यांच्या जबाबातही उजाळ्याचा शब्द नव्हता. गावाच्या लेखी पेटी वर्षभर कुलपात होती आणि यात कोणी खोटं बोललं नव्हतं.

सोनार फार टिकला नाही. चिंचेच्या पाण्यात आकडा उकळल्यावर वर्षानुवर्षांचं तेल-कुंकू सुटलं, खाली अक्षरं दिसली. त्याने बघून तशीच तार करून पेटीत ठेवली आणि कोल्हापूरला चांदी आणायला गेला तेव्हा खरा आकडा दुकानदाराला दाखवून विकला. दुकानदाराने आधी ओळख नाकारली. त्या गृहस्थांचा सही केलेला जबाब समोर ठेवल्यावर कबूल केलं. 'कुठून आणलीस' हे त्यानेही विचारलं नव्हतं. पुढे सोनारावर विश्वासघाताच्या कलमाखाली खटला झाला.

आकडा मुद्देमाल होता. तो कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नव्हता. खटला संपेपर्यंत वस्तू देवळाच्या ताब्यात द्यावी, असा सुपूर्दनाम्याचा अर्ज मी गुरवाकडून करून घेतला, हुकूम मिळवला आणि जत्रेच्या दिवशी दुपारी तो स्वतः देवळात नेला. एव्हाना गावाला कळलं होतं, की ही वस्तू आकडा नसून एका बादशहाचं नाणं आहे. मानकऱ्यांत कुजबूज चालली होती. थोरले म्हणाले, "असला देवीच्या डोक्यात घालूचा काय? कौल लावूया. ती काय सांगता ता बघूया."

देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून, कोणत्या बाजूची पडते त्यावरून तिचं मत ओळखायचं, याला तिकडे कौल म्हणतात. गावात त्याच्यावर अपील नसतं. कौल लावायचा तो गुरवाने. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि पूजा त्याच्याकडे राहणार की नाही हे अजून कोणी उच्चारलं नव्हतं.

गुरवाने माझ्या पावतीवर सही केली, आकडा घेतला. "मी कौल लावूचंय नाय," तो म्हणाला. "तिची वस्तू तिका देवक तिका कित्याक विचारू?"

त्याने आत जाऊन आकडा अंबाड्यात खोचला. तो सुटला नाही, घट्ट बसला. थोरल्या मानकऱ्यांनी खाली बघत आरतीचं ताट उचलून त्याच्या हातात दिलं. त्याची माफी कोणी मागितली नाही. मीही मागितली नाही. त्या वर्दीत मला ते सुचलंच नाही.

खबर घेऊन येणाऱ्यालाच आरोपी ठरवणं सोपं असतं, कारण तो समोर बसलेला असतो. हे मला त्या केसने शिकवलं. त्यानंतर कोणत्याही फिर्यादीचा जबाब संपला, की मी एक प्रश्न जास्तीचा विचारू लागले: "माझं काय विचारायचं राहिलं?" बहुतेक लोक 'काही नाही' म्हणून सही करतात. एखादा मात्र पेन हातात घेऊन थांबतो. अशा वेळी मी वही मिटत नसे.