स्पिरिटात पाणी

संशय घ्यायला मला कुणी शिकवलं नाही, तो रक्तातच आहे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी गवळी दूध घालून गेला की आई दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायची. थेंब ओघळला तर गवळी चोर. नाही ओघळला तर आज सावध झालाय, म्हणून चोरच. पुढं मी रसायनशास्त्र शिकले आणि इथल्याच एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, तेव्हा आईचं ते नख मी सोबत घेऊनच गेले.

प्रयोगशाळेत एक मामा होते. कागदोपत्री परिचर, पण प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर टोपी, रोज बिडकीनहून एस.टी.नं यायचे. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. तेव्हा स्पिरिट परवान्यावर मिळायचं, तेही जेमतेम. मामा दिवसभर बडीशेप चघळत. माणूस एवढी बडीशेप खातो ती तोंडाचा वास लपवायलाच, हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं.

मग मी बाटलीवर पेन्सिलनं बारीक खूण केली. आठवडा गेला, स्पिरिट खुणेखाली उतरलं नाही. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मी म्हटलं, हा पितो तेवढं पाणी भरून ठेवतो. कपाटाच्या खोलीचं दार ते दुपारी आतून लावून घेत, तेही मी मनात टिपून ठेवलं. आत काय करत, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

पुरावा मिळाला तो जानेवारीत. कोबाल्ट क्लोराइडचा एक देखणा प्रयोग मी पोरांना दाखवत असे. हा क्षार पाण्यात विरघळवला की गुलाबी होतो, कारण कोबाल्टच्या प्रत्येक कणाभोवती पाणी दाटीनं बसलेलं असतं. त्यात भरपूर स्पिरिट ओतलं की ते हे पाणी ओढून घेतं, क्लोरिन कोबाल्टला येऊन चिकटतो आणि नळीतलं सगळं निळंशार होतं. स्पिरिट वाचवायचं म्हणून किती घातलं की जेमतेम निळा रंग येतो, ते प्रमाण मी ऑक्टोबरमध्ये बसवून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेसातची तुकडी होती. मी तेच प्रमाण घेतलं, तीच बाटली. एकही नळी निळी झाली नाही. सगळ्या गुलाबीच राहिल्या. पोरं माझ्याकडे बघायला लागली आणि मी मामांकडे. ते मोरीपाशी चंचुपात्र विसळत होते, तोंडात बडीशेप होतीच. स्पिरिटात पाणी आहे, याला आणखी काय पुरावा हवा? मी सरळ विभागप्रमुखांकडे गेले.

सर शीघ्रकोपी. त्यांनी मामांना बोलावलं आणि माझ्यादेखत कारकुनाला म्हणाले, "याच्या तोंडाचा वास घे."

मामांनी टोपी काढली आणि तोंड उघडलं. कारकून वाकला, हुंगलं. "बडीशेप आहे, सर." कुणी हसलं नाही. सरांनी किल्ली काढून घेतली आणि मेमो टाइप करायला सांगितला. मेमो म्हणजे निलंबन, आणि मामांचं घर त्या एका पगारावर चाले. हे मला माहीत होतं. तरी खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटलं.

दुपारी मी एकटीच प्रयोगशाळेत आले. सकाळच्या नळ्या स्टँडमध्ये तशाच होत्या, कारण त्या धुणारा माणूस बाहेर व्हरांड्यात बसवलेला होता. पश्चिमेच्या खिडकीतून त्यांच्यावर ऊन आलं होतं आणि सगळ्या नळ्या निळ्या झाल्या होत्या.

एक नळी मी बाहेरून नळाच्या गार पाण्याखाली धरली. ती जांभळी झाली, मग गुलाबी. पुन्हा उन्हात धरली, तर पुन्हा निळी. कोबाल्टभोवतीचं पाणी जसं स्पिरिट हटवतं, तसंच उष्णताही हटवते. हे पुस्तकात होतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः लिहून दिलं होतं. स्पिरिट चांगलं होतं, फक्त माझं जेमतेम प्रमाण ऑक्टोबरच्या उन्हातलं होतं आणि सकाळ जानेवारीतली.

नळ्या विसळून टाकल्या असत्या तर कुणाला काही कळणार नव्हतं. मी स्टँड मोरीपर्यंत नेलाही होता, नळही सोडला होता. त्याची लाज मला आजही वाटते. मग नळ बंद केला आणि स्टँड तसाच उचलून सरांकडे गेले. त्यांनी बघितलं, मेमोचा कागद फाडला आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "आधी बघायचं होतं ना, बाई."

मामा व्हरांड्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी नळ्या त्यांच्यापुढे धरल्या आणि थंडी, उष्णता, पाणी, क्लोरिन असं सगळं भराभर समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "अठरा वरीस झालं ह्या नळ्या धुतोय. थंडीचं सकाळच्याला निळं होत नाय. उन्हात ठिवलं की व्हतंय."

"मग मामा, तुम्ही तेव्हाच बोलला का नाही?"

मी किल्ली पुढे केली होती. त्यांनी ती घेतली नाही.

"तुमी इचारलं कुठं, मॅडम," मामा म्हणाले. "तुमी तोंड हुंगाया लावलं."