आमची एक जागा जाणार होती तेव्हा

निवांत दिवसांतलं काही आठवत नाही बघा. किस्से साठले ते सगळे घाबरलेल्या दिवसांत! मुंबईत नवं मंत्रिमंडळ येणार, कारभार सुधारणार, अशी हवा होती. रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीत सहा कारकून. आमच्या कामाचा अभ्यास करायला मुंबईहून एक साहेब आले. त्यांच्या रिपोर्टावर सहातली एक जागा रद्द होणार होती. मी सगळ्यांत नवा, अजून कायम न झालेला आणि नुकतंच लग्न झालेला.

*

पहिल्याच दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "तुमचं काम काय?"

तीन वर्षं रोज करत होतो ते काम डोक्यातून पार पुसलं गेलं.

"विचारून सांगतो, साहेब!"

*

मग छापील फॉर्म आले. त्यात प्रश्न होता, 'तुम्ही रजेवर असताना तुमचं काम कोण करतं?' आमच्यातले सावर्ड्याचे गोरे घामाघूम झाले. दुसऱ्याचं नाव लिहिलं तर आपण फालतू, आणि कोणी नाही म्हटलं तर कामच फालतू!

शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी रजा घेत नाही.' पुढच्याच आठवड्यात त्यांना हिवताप भरला. बिचारे घोंगडी पांघरून, दात वाजवत कचेरीत येत राहिले.

*

एक अर्ज किती वेळात निकाली निघतो, हे साहेबांना घड्याळ लावून बघायचं होतं. जयगडच्या एका दर्यावर्दीचा होडीच्या परवान्याचा अर्ज त्यांनी निवडला आणि त्याच्या मागोमाग टेबलाटेबलाला खुर्ची टाकून बसले. आता साहेबांदेखत नुसती सही कोण करणार? प्रत्येकानं एकेक शंका काढली. मी तर दोन काढल्या!

पंधराव्या दिवशी तो माणूस हात जोडून साहेबांनाच म्हणाला, "सायब, तुमी जरा भायेर बसा. तुमी नव्हतात तवा माजा काम दोन दिसांत होई!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

*

साहेब परत गेले आणि दोन महिन्यांनी मुंबईहून लाखेचा शिक्का मारलेला लिफाफा आला. टपाल फोडायचे आमचे बारनिशी कारकून तात्या. त्यांनी नंबर घालून वहीत नोंद केल्याशिवाय कुठलाही कागद कचेरीत 'आला' असं होत नसे.

"तात्या, आजच्या दिवस राहू द्या ना तो," गोरे म्हणाले.

आमचे अव्वल कारकून अण्णा कायद्याचे मोठे पक्के. तेही हळूच म्हणाले, "पिशवीत खाली राहिला म्हणून कोण विचारतंय?"

मी तर चक्क तात्यांचे पाय धरले.

"आलेला कागद आजच चढायचा," तात्या म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी एक कागद शिळा केला नव्हता.

त्यांनी लिफाफा फोडून वाचला. मग टाक बुडवून नंबर घातला, तारीख घातली, विषय लिहिला आणि वर टीपकागद दाबला.

"कोण, तात्या?" मी टेबलावर वाकलो.

त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बारनिशी कारकुनाची जागा रद्द करणेबाबत.'

माझ्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. तो तात्यांनी ऐकला, याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी वही पुन्हा आपल्याकडे वळवली.

"सरका जरा, उजेड येऊ द्या," ते म्हणाले. "अजून सात लिफाफे आहेत."